पालथा हात

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे सासरे मला जरा विक्षिप्तच वाटले होते. फाटकाची कडी असो, नळ असो की फ्रिजचं हँडल, धातूची कुठलीही वस्तू धरण्याआधी नाना तिला हाताची पालथी बाजू हलकेच टेकवणार आणि मगच धरणार. मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचा काही प्रकार असेल. शेवटी नवऱ्याने, रविराजने, सांगितलं. "करंट असला तर पालथा हात झटक्याने मागे येतो. तळहात लावला तर मूठ वळते आणि सुटत नाही. जुन्या वायरमन लोकांची सवय आहे ती."

पण सवयीच्या मागे एक दिवस होता. एकोणीस वर्षांपूर्वी नाना आणि देवळाली कॅम्पचे निसारभाई भागीदारीत लग्नघरांवर लाइटिंग करायचे. कळवणकडच्या एका खेड्यात पत्र्याच्या घरावर त्यांनी माळा लावल्या. निसारभाई शिडीवर, पत्र्याला धरून उभे. नानांनी खालून बटण दाबलं. पत्र्याच्या धारेवर एका जागी वायर घासली गेली होती. निसारभाईंचा हात पत्र्याला चिकटला तो सुटेचना. नानांनी फ्यूज उपटेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात निसारभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जीव वाचला.

निसारभाई सहा महिन्यांत पुन्हा शिडीवर चढले. नाना नाही चढले. त्यांनी धंदा सोडला आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसवर नोकरी धरली. विहितगावातल्या आमच्या पत्र्याच्या घरावर एकोणीस दिवाळ्यांत एक माळ लागली नाही. चुलतदिराच्या हळदीला शेजारच्या घरावर दिवे लागले, तर हा माणूस तीन तास बस स्टँडवर बसून राहिला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे मला कळतं. पण ताकाचं भांडं बघून गावच सोडायचं म्हणजे फार झालं.

मग माझ्या नणंदेचं, पूजाचं लग्न ठरलं. हळद घरीच होती. घर उजळलेलं असावं अशी तिची लहानपणापासूनची हौस. नानांनी शांतपणे सांगितलं, "लावायची तर लावा लाइटिंग. मी त्या दिवशी हरसूलला बहिणीकडं जातो."

पूजा रात्रभर रडली असावी. सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "वहिनी, लाइटिंग नको. मला नाना पाहिजेत."

मला रागच आला. बापाने मुलीला असं काही निवडायला लावावं? मी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर वायरी आणि मीटरच हाताळते. मी म्हटलं, "दिवेही लागतील आणि नानाही असतील. बघ तू."

मेन रोडवरच्या दुकानातून पिक्सेलच्या, म्हणजे बारीक एलईडी दिव्यांच्या, माळा आणल्या, सगळे मिळून दोनशे दिवे, आणि नानांसमोर टेबलावर मांडल्या. "नाना, यात पाच व्होल्ट असतात. मोबाइलच्या चार्जरमधून निघतात तेवढेच. भिंतीतला करंट घरातच राहणार, या सप्लायच्या खोक्यात. पत्र्यावर फक्त हे पाच."

त्यांनी माळेला पालथा हात लावला. मग विचारलं, "वायर पत्र्याच्या धारेवरनं कशी नेणार?"

याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं. ते उठून गेले आणि हरसूलला न्यायची पिशवी भरू लागले.

हळदीच्या दिवशी सकाळपासून मी शिडीवर आणि रविराज शिडी धरून. पत्र्याच्या कडेने दिवे बसवले. माळेवरचा बाण ज्या दिशेला, त्याच दिशेने पुढची माळ जोडायची, नाहीतर पुढचे दिवे लागत नाहीत. तेवढं मला येत होतं. नाना रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसलेले, पायाशी पिशवी. चारच्या बसने जाणार होते. मी मुद्दामच तिकडे बघत नव्हते.

तीनला बटण दाबलं. पहिले दिवे लख्ख पांढरे. मधले पिवळट. आणि शेवटचे पन्नास-साठ चक्क लाल, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे. मी शेवटची माळ काढून दुसरी लावली. तीही लाल. घोडं कुठं पेंड खातंय कळेना. पाहुण्या बायका खाली उभ्या राहून बघत होत्या, त्यामुळे हात आणखीच चालेनात.

"दिवे नाय खराब!" रस्त्यापलीकडून आवाज आला. "व्होल्टेज पोचत नाय शेवटापर्यंत!"

मी मीटर लावला. सुरुवातीला पाच, शेवटी साडेतीनसुद्धा नाही.

नाना कट्ट्यावरून उठले होते. "मळ्यातला शेवटचा बल्ब असाच लाल दिसायचा. लांब मांडवाला आम्ही दोन्हीकडनं लाइन द्यायचो. दुसऱ्या टोकाकडनं पण सप्लाय दे. वायर जाड घे." बोलता बोलता रस्ता ओलांडून ते फाटकात आले.

मी जाड वायर घेतली आणि शिडीवर पाय ठेवला.

"थांब. धारेवरनंच नेणार ना?" ते मागच्या पडवीत गेले आणि ठिबकची काळी नळी घेऊन आले. चाकूने ती उभी चिरली. "ही बसव धारेवर. वायर हिच्यावरनं जाऊ दे." त्यांनी नळी रविराजच्या हातात दिली. स्वतः पत्र्याजवळ गेले नाहीत.

मग म्हणाले, "गळतीचा स्विच बसवलाय?"

"बसवलाय. करंट कुठे गळला की आपोआप पडतो. चाचणीचं बटण दाबून बघा."

त्यांनी दाबलं. खटकन स्विच पडला आणि घरातली वीज गेली. त्यांनी पुन्हा चालू करून पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अहो, वाटण मिक्सरमध्ये अडकलंय माझं!"

चारची बस गेली. त्यानंतर दोनशेच्या दोनशे दिवे पांढरे लागले. नानांनी कट्ट्यावरची पिशवी उचलून घरात नेली, तेव्हा माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धाच, कारण अजूनही ते पत्र्यापासून चार हात लांबूनच चालत होते.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. निसारभाई आणि त्यांच्या पत्नी सुरय्याचाची आले. निसारभाई नानांना नावानेच, पुंजा म्हणून, हाक मारतात. घराकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "या अल्ला, पुंजाच्या घरावर रोशनी? मी पत्ता तर नाही ना चुकलो?" सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी पूजाच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि तसेच ओले हात घेऊन बाहेर आले.

ओट्यापुढचा पत्रा ठेंगणा आहे, हात वर केला की लागतो. निसारभाईंनी गंमत म्हणून आपला तीन बोटांचा हात उचलला.

"निसार, थांब!" नाना एवढ्या जोरात ओरडले की आतली गाणी बंद झाली. पूजा हळदीच्या अंगाने दारात आली. माझ्याही छातीत धस्स झालं. पाच व्होल्टांनी काही होत नाही हे मी कॉलेजात रोज सांगते, तरीही झालं.

"आधी मी," नाना म्हणाले.

त्यांनी पालथा हात पत्र्याला टेकवला. काही झालं नाही. मग त्यांनी हात वळवला आणि हळदीने ओला झालेला अख्खा तळहात पत्र्यावर दाबून धरला. त्यांचे डोळे मिटलेले होते. निसारभाईंनी शेजारी आपला हात ठेवला. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

बऱ्याच वेळाने निसारभाई म्हणाले, "पुंजा, काढ आता हात. भूक लागली यार."

"राहू दे," नाना म्हणाले. "लय गार हाय पत्रा. राहू दे जरा."