मी सांगितलेलं दुखणं

बोईसरमध्ये कुणाला धाप लागली की पहिला संशय हवेवर. सालवडच्या आमच्या चाळीत खिडक्या कधी लावायच्या हे नाकच ठरवतं. मी तारापूरच्या केमिकल कारखान्यात केस पांढरे केलेला माणूस. कुठला वास कुठल्या प्लांटचा, हे डोळे मिटून सांगायचो आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या सकाळी बायको कॉटपासून मोरीपर्यंत गेली आणि भिंत धरून उभी राहिली. घसरून पडल्यामुळे महिनाभरापासून तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. "छातीत टोचतंय," एवढंच म्हणाली. श्वास पुरत नव्हता. आदल्या संध्याकाळी हवेला उग्र वास होता, तेवढं मला पुरलं. रिक्षात घालून तिला हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, काय होतंय. उत्तर मी दिलं. "कारखान्याचा गॅस लागलाय, साहेब. काल संध्याकाळी सुटला होता." त्यांनी केसपेपरवर तेच लिहिलं, वाफेचा मास्क लावला आणि थोडं थांबायला सांगितलं.

मी काही एका जागी बसणारा नव्हे. काउंटर, दार, पुन्हा काउंटर. तेवढ्यात हायवेवरच्या अपघाताचे पेशंट आले आणि सगळे तिकडे धावले. मी नर्सवर खेकसलो, अजून किती वेळ? ती शांतपणे केसपेपर बघून म्हणाली, "गॅसचं आहे ना काका, वाफेनं उतरेल. मास्क काढू देऊ नका." बायकोचे ओठ मला काळपट वाटत होते. तरी मी तिला मास्क नीट धरायलाच सांगत राहिलो.

लादी पुसणारी, मुरबे गावची मावशी तिच्या कॉटपाशी थांबली. "पायाची बोटं किती सुजल्यात गं. पोटरी दुकते काय?" बायकोनं मान हलवली. "कवापासून?" तिनं चार बोटं दाखवली. मावशीनं फडकं बादलीत टाकलं आणि सरळ डॉक्टरांकडे गेली. "त्या प्लास्टरवालीचा पाय बघा. बरा नाय तो."

डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्यांची चालच बदलली. पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तिचा तुकडा फुप्फुसात गेला असावा, म्हणाले. लगेच इंजेक्शन दिलं. स्कॅन पालघरला होणार होता. त्यासाठी शिरेतून औषध सोडतात, म्हणून त्याआधी किडनीचा रिपोर्ट हवा, तो यायला वेळ, अँब्युलन्स अपघातवाल्यांना घेऊन गेलेली. या सगळ्याला निदान कारणं तरी होती. सकाळी वाफेत गेलेल्या वेळाला कारण मी होतो, आणि ते डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

ती वाचली. पालघरच्या वॉर्डात तिला नीट बोलता यायला लागल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "चार दिवस पाय दुखत होता, तर सांगायचं नाही?"

"तुमाला सांगितलं होतं. प्लास्टर आहे, दुखणारच, म्हणालात."

"मग डॉक्टरांना तरी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, ते जास्त लागलं.

"त्यांनी मलाच विचारलं होतं. तुमी बोलत सुटलात. तुमाला थांबवण्याएवढा श्वास नव्हता माझ्याकडे."