मालतीकाकूंचा ‘ट’

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत, आजही घेत नाही. पण हजेरीपट आणि एक कॅसेट माझ्याकडे आहेत, म्हणून लिहितोय.

साल १९९८. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीचं समूहगान मंडळ मी चालवायचो. बावीस जण – बारा बायका, दहा पुरुष. दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ सराव.

मालतीकाकू दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या. वय एकसष्ट. आवाज खणखणीत, पण श्वास भलतीकडेच घ्यायच्या. आमच्यातल्याच एकाने लिहिलेल्या गाण्यात ‘गोदाकाठी पहाट झाली’ अशी ओळ होती. काकू ‘पहा’वर श्वास घ्यायच्या आणि त्यांचा ‘ट’ अर्धी मात्रा उशिरा, एकटाच यायचा.

‘‘काकूंच्या घरी पहाट जरा उशिराच होते!’’ पेटीवाले अण्णा म्हणायचे. काकूही हसायच्या.

स्पर्धेला आठ दिवस उरले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. ‘‘काकू, राग मानू नका... स्टेजवर तुम्ही नुसते ओठ हलवा.’’

काकू ‘‘बरं,’’ म्हणाल्या.

स्पर्धेच्या सकाळी त्यांच्या मिस्टरांचा फोन आला – काकूंची बहीण आजारी, त्या पहिल्या एसटीने सटाण्याला गेल्या. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही एकवीस जण स्टेजवर उभे राहिलो. बायकांनी सवयीने काकूंची जागा मोकळी सोडली होती.

‘पहा–’ ... आणि अर्धी मात्रा उशिरा, एकटाच ‘ट’. त्या मोकळ्या जागेतून.

माझा हात हवेतच थांबला. अण्णांनी पेटीवरून दचकून वर पाहिलं. ती ओळ तीनदा येते, तिन्ही वेळा तेच. कॅसेटवरही तिन्ही वेळा आहे.

दोन दिवसांनी काकू परतल्या. मी विचारलं, त्या वेळी काय करत होतात?

‘‘अंगणात कांदे निवडत होते. म्हटलं, आता तुमचं गाणं सुरू झालं असेल, म्हणून मीही गायले. चांगली मोकळ्या गळ्यानं! तर बहीण बाजेवरून विचारते, ‘काय पुटपुटी ऱ्हायनी व?’ तिला म्हणे नुसते ओठ हलताना दिसले. तापाने कान गेले वाटतं तिचे!’’

पुढच्या रविवारी काकू सरावाला आल्या. तोंड उघडलं, मानेची शीर फुगली... आवाज नाही. बोलणं अगदी पूर्वीसारखं, फक्त गाणं त्यांच्याशिवाय कुणालाच ऐकू येईना. मिस्टरांनी काहीतरी निमित्त काढून काकूंचा घसा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. त्यांचं गाणं ऐकू येत नाही, हे काकूंना सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. सहा वर्षं त्या एकही रविवार न चुकवता येत राहिल्या. याचा खुलासा मला आजवर मिळालेला नाही.

२००४ मध्ये मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘काकू, तेव्हा माझं चुकलं. तुम्ही गा. कशाही गा.’’

‘‘अहो, गातेच आहे की इतकी वर्षं!’’ काकू हसल्या. मग त्यांनी जरा भीत भीत विचारलं, ‘‘आता तरी बरं होतंय ना?’’

मी ‘हो’ म्हणालो. बाकी कुणी मान वर केली नाही.