डोलीचं दुसरं टोक

एर्मेलिंडा माझी वहिनी, थोरल्या भावाची, झेफेरिनोची बायको. नणंदेने भावजयीचं कौतुक करावं असा रिवाज आमच्या किनाऱ्यावर नाही, आणि मीही काही गोड स्वभावाची बाई नाही. त्यामुळे हे कौतुक समजू नका. मी कुंपणापलीकडच्या घरात राहते, दिसलं ते सांगते.

आमचे मळे वाळूत आहेत. समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या मागे खणून खणून खाली नेलेले हे मळे, मोठ्या परातीसारखे. तळाशी ओल असते, उतारावर द्राक्षवेली, आणि वारा डोक्यावरून निघून जातो. पण वाळू ती वाळूच. तिला खायला घातल्याशिवाय ती काही देत नाही. तिचं खाणं म्हणजे समुद्रशेवाळ. उन्हाळाभर ते लाटांमधून ओढायचं, टेकडीवर पातळ पसरायचं, एखाद्या सरीने त्याचा खार धुऊन निघाला की पुन्हा वाळवायचं, गवतासारखं उलटंपालटं करायचं. काळं कुरकुरीत झालं की मळ्यात नेऊन रोपांभोवती अंथरायचं. मग खाली ओल टिकते, तण डोकं वर काढत नाही, आणि तेच शेवाळ हळूहळू कुजून रोपांच्या पोटात जातं. तण खाई धन म्हणतात. आमच्याकडे धनच एवढंसं, तणाला वाटून द्यायला उरणार कुठून?

यात एक वाटणी होती. लाटेतलं काम पुरुषांचं, वाळूवरचं बायकांचं. पुरुष छातीभर पाण्यात उभे राहून शेवाळ ओढायचे, काठावर ढीग टाकायचे आणि तसेच ओल्या कपड्यांनी गुत्त्यात जाऊन बसायचे. तिथे त्यांचा दिवस संपायचा आणि इथे आमचा सुरू व्हायचा. पुढे पुरुष एकेक करून फ्रान्सला गेले, तेव्हा लाटाही आमच्याच वाट्याला आल्या. झेफेरिनो लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेला. तिकडे तो इमारतींवर राबला, पैसे पाठवत राहिला, आणि दर ऑगस्टमध्ये नवा शर्ट घालून घरी येत राहिला. हात मागे बांधून एकदा मळ्यात उतरायचा, "छान ठेवलंयस गं" म्हणायचा, तारल्या भाजून खायचा आणि महिना संपला की निघून जायचा. बाकीचे अकरा महिने मळा एर्मेलिंडाच्या अंगावर.

वाळूत चाक चालत नाही आणि मळ्यात उतरायच्या पायऱ्या अरुंद. म्हणून शेवाळ डोलीतून न्यायचं. दोन दांडे, मध्ये फळ्या, पुढे एक बाई आणि मागे एक. तिरडीच म्हणा ना. पुढची बाई एर्मेलिंडा आणि मागची मी. उतारावर सगळा भार पुढच्या माणसावर येतो. मी किती वेळा म्हटलं, "वहिनी, आज टोक बदलू." ती म्हणायची, "तुझे पाय आखूड आहेत, ओतीलिया. मला पाडशील." पाय माझे आखूड आहेत हे खरं, पण कारण ते नव्हतं. तिला दुसऱ्याला भार देताच येत नाही. हा गुण आहे असं पाद्री म्हणतात. मी म्हणते, दुखणं आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. मी रडले, आणि ते खुब्यासाठी नव्हतं. डोलीचं दुसरं टोक आता कोण धरणार? गावात तरण्या बायका उरल्या नाहीत. ज्या आहेत त्या सकाळी गाडी काढून पोव्हुआ शहरात नोकरीवर जातात. आणि आच्छादनाशिवाय आमची वाळू दोन उन्हाळ्यांत तणाची होते.

त्यानंतरच्या वसंतात झेफेरिनो कायमचा परत आला. पेन्शन घेऊन, दुखरी पाठ घेऊन, आणि गाडीच्या टपावर काळ्या प्लास्टिकची भेंडोळी बांधून.

"हे अंथर. तण नाही, कटकट नाही," तो म्हणाला. "आता तुला समुद्राकडे बघायलासुद्धा नको."

"हे वाळूला काय खायला घालणार रे?" मी विचारलं.

"तू गप्प बस, ओतीलिया. एर्मेलिंडाला आणलंय."

एर्मेलिंडाने भेंडोळी खोपटात नेली, त्यांच्यावर आपले गमबूट ठेवले, आणि डोक्यावर टोपली घेऊन एकटीच समुद्रावर गेली.

"अगं, घरात नवरा आहे आता. त्याला म्हण ना, धर टोक," मी म्हटलं.

"त्याने तिकडे हाडाची काडं केली. बसू दे त्याला."

"आणि तुझी हाडं काय समुद्राने वाहून आणली?"

ती हसली.

जुलैमध्ये माझी तपासणी होती, एर्मेलिंडा माझ्यासोबत इस्पितळात आली. संध्याकाळी परतलो तर झेफेरिनो फाटकात उभा. पँट मांड्यांपर्यंत ओली आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा.

"बघ खाली!"

आम्ही पाहिलं. त्याने कोणाचा तरी ट्रॅक्टर भाड्याने आणून समुद्रातलं ओलंचिंब शेवाळ थेट मळ्यात ओतलं होतं. गुडघाभर. टोमॅटोचे नुसते शेंडे वर दिसत होते.

"तुझं उन्हाळ्याचं काम, एका दुपारीत!"

एर्मेलिंडाने हळू आवाजात विचारलं, "वाळवलं नाहीस?"

"वाळवायचं कशाला? ओल्यात सत्त्व जास्त."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे उंटावरच्या शहाण्या. पण एर्मेलिंडाने माझं कोपर दाबलं.

"छान आहे," ती म्हणाली. "दमला असशील. जेवून घे."

त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ वळवळते, पण तो मूर्ख नाही. त्याने लहानपणापासून या कामाचा अर्धाच भाग पाहिला होता, ओला. शेवाळ काठावर पडलं की पुरुष गुत्त्यात जात. पुढे त्याचं काय होतं, किती दिवस, कोणाच्या कमरेवर, हे पाहायला त्यांच्यातला एकही मागे थांबत नसे. त्याला खरोखर वाटलं होतं की समुद्रातून मळ्यात, झालं.

उन्हाने ढीग आतून उकडला. माश्या घोंगावायला लागल्या. वास एवढा की मला खिडक्या बंद कराव्या लागल्या. टोमॅटोचे देठ जमिनीलगत तपकिरी झाले आणि एकेक झाड मान टाकायला लागलं. गुत्त्यातल्या टोळक्याला तर आयतं खाद्य मिळालं. "काय झेफेरिनो, फ्रान्सहून टोमॅटोचं सूप आणलंस म्हणे?" तो त्यांच्यातच जाऊन पत्ते खेळत बसायला लागला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरी त्याने एक शब्द काढला नाही. तिनेही नाही. करायला गेला एक, झालं भलतंच, आणि दोघं मूग गिळून बसले.

मग एर्मेलिंडाने दाताळं घेतलं आणि ते सगळं उपसायला लागली. देठांपासून ओढायचं, टोपली भरायची, पायऱ्या चढायच्या, टेकडीवर पसरायचं. ओलं शेवाळ दगडासारखं जड असतं. डोली भिंतीला उभी होती, पण एकटीने डोली उचलता येत नाही. मी वर काठी टेकून बसायचे आणि तिला बोलण्यात गुंतवायचे, दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. निम्मे टोमॅटो गेले. जिथे ते गेले तिथे तिने थंडीचा कोबी लावला, आणि त्याच्या भोवतीच्या उघड्या वाळूत तण रोज मुसंडी मारत होतं. वरचं शेवाळ वाळून खाली आलं तरच कोबी जगणार होता. पण उपसलं तसं ते सगळं पुन्हा उतरवायचं होतं.

ऑगस्ट सरला. एका दुपारी ती टोपली घेऊन पायऱ्यांवर मध्येच थांबली. वर येईना की खाली जाईना.

"वहिनी? काय झालं?"

"काही नाही गं," ती म्हणाली. "पुढचा पाय कुठला टाकायचा ते आठवेना."

मी घाबरले. काठी घेतली आणि गुत्त्यात गेले. त्या गुत्त्यात बायका जात नाहीत.

"पत्ते ठेव," मी झेफेरिनोला म्हटलं.

"ओतीलिया, इथे तमाशा नको. घरी जा."

"घरीच चाललेय. तूही चल. तुझी बायको त्या पायऱ्यांवर मरणार आहे, आणि मग तू तिला कोणत्या टोकाने उचलणार?"

तो उठून बाहेर आला आणि रस्त्यातच माझ्यावर ओरडायला लागला. "मी काय करू? प्लास्टिक आणलं, ते तिने खोपटात टाकलं. मदत केली, ती नासली. विकून टाकू म्हणायची माझी हिंमत नाही, जीव आहे तिचा त्या मळ्यात! मला मेल्याला तो कधी हवाच नव्हता. पण तिचा आहे म्हणून इतकी वर्षं पैसे पाठवले. मी मध्ये पडलो की वाटोळंच होतं."

"हे तिला सांगितलंस?"

"तिला कशाला दुखवू?"

मी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. एर्मेलिंडा तोवर कशीबशी वर येऊन कोबीचं सूप ढवळत होती. मी म्हटलं, "बोल." तो बोलला, जमिनीकडे बघत.

तिने पळी खाली ठेवली. "माझा जीव?" ती म्हणाली. "झेफेरिनो, मला तो मळा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झालाय. तुझी आई जाताना म्हणाली, तो परत येईल तेव्हा त्याचा मळा जिवंत असू दे. तू येणार म्हणून ठेवला मी. तुझ्यासाठी."

"मी कधी म्हटलं मला हवाय?"

"दर ऑगस्टला. छान ठेवलंयस म्हणायचास."

"अगं, दुसरं काय म्हणणार होतो?"

मला वाटलं, आता हसतील तरी नाहीतर रडतील तरी. दोघांनी काहीच केलं नाही. त्यासाठीही अंगात काही उरावं लागतं. सूप निवत राहिलं. मळा मला हवा होता, पण मुलीला कोण विचारतं.

"म्हणजे कोणालाच नको होता," एर्मेलिंडा शेवटी म्हणाली. तेवढ्यात खिडकी आपटली. वारा फिरला होता, नैर्ऋत्येचा. त्याला ओला वास होता. त्या वाऱ्याचा पाऊस एका सरीत जात नाही, आठवडाभर मुक्काम करतो. एर्मेलिंडाने खुंटीवरची शाल घेतली.

"कुठे निघालीस?" झेफेरिनोने विचारलं.

"शेवाळ वाळलंय वर. भिजलं तर गेलं."

"जाऊ दे ना! मळा नकोय ना तुला?"

"मळा नकोय. पण कोबी लावलाय. कोबीने काय पाप केलंय?"

तो तिच्या मागे गेला, आणि मी त्यांच्या मागे. टेकडीवर दोघांनी डोली भरली. एर्मेलिंडा सवयीने पुढच्या टोकाला गेली, तर तो तिथे आधीच उभा.

"ते माझं टोक आहे."

"आज माझं."

"तुझी पाठ..."

"एर्मेलिंडा, मागे जा."

ती थोडी उभी राहिली. मग मागे गेली. चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याचा श्वास घरघरायला लागला, मान लाल झाली. "हे... रोज करायचीस?" त्याने विचारलं.

"तोंड मीट आणि पायरी बघ."

खाली त्याने मूठभर शेवाळ कोबीवर टाकलं, तशी ती ओरडली, "देठाला नको! वीतभर लांब. आणि पातळ घाल." तो गुडघ्यांवर बसला आणि एकेका रोपाभोवती हाताने शेवाळ मागे सारायला लागला. अशा चार-पाच खेपा झाल्या. मग ती म्हणाली, "बसते जरा." पायरीवर बसली, वेलीच्या खुंटाला डोकं टेकलं, आणि तोंड उघडं टाकून झोपली.

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. उठवू नकोस, असं मी मानेनेच सांगितलं. त्याने आपला कोट तिच्या अंगावर घातला, तिची टोपली उचलली आणि डोक्यावर घेतली. टोपली कशी घ्यायची हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्धं शेवाळ त्याच्या कॉलरमध्ये गेलं. तरी तो चढत राहिला आणि उतरत राहिला. शेवटची टोपली उतरली आणि थेंब पडायला लागले.

पावसाने एर्मेलिंडा जागी झाली आणि धडपडून उठली. "किती राहिलं?"

"झालं," तो म्हणाला.

"झालं म्हणजे?"

"संपलं सगळं."

तिचा विश्वास बसला नाही. त्याचा कोट अंगावर तसाच ठेवून ती पायऱ्या चढून टेकडीवर गेली. तिथे नुसती वाळू होती, भिजत चाललेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "मी काय करू आता?"

"काही नको, वहिनी. घरात चल."

तेव्हा ती रडली. सासू गेली तेव्हा नाही, टोमॅटो गेले तेव्हा नाही, तेव्हा रडली. भर पावसात, तोंडावर हातसुद्धा न घेता, दमलेलं पोर रडतं तशी.

सूप झेफेरिनोने गरम केलं आणि तळाला करपवलं. एर्मेलिंडाने ते मक्याच्या भाकरीबरोबर दोन वाडगे खाल्लं. पुढच्या उन्हाळ्याचं कोणी काढलं नाही.