माझी दहा मिनिटं आणि सरांचं शेवटचं पान

मुंबईतल्या एका नव्या सभागृहात ऑर्गन महोत्सव होता आणि त्यात मला दहा मिनिटं मिळाली होती. छतापर्यंत गेलेल्या नळ्यांचा खरा पाइप ऑर्गन. बदलापूरला सोनिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सरावाला कीबोर्ड होता, पण पायांनी वाजवायच्या पट्ट्या नव्हत्या. त्या मी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखल्या आणि सहा महिने खुर्चीत बसून नुसते पाय चालवले. आई म्हणायची, "तुझा पियानो जरा उचल गं, पोछा मारायचाय."

आदल्या दिवशी पाहुणे वादक आले, त्यांना सगळे सर म्हणायचे. कार्यक्रमाचा कागद बघून त्यांनी संयोजक बाईंना विचारलं, "ही कोण? बदलापूर? तिकडे ऑर्गन असतो?" बाई हसल्या. मीही हसले, याचा मला अजून राग येतो. सरांना त्यांची रचना पूर्ण वाजवायची होती, म्हणून माझी दहा मिनिटं गेली. "तू सरांच्या बाजूला उभी राहा ना," बाई म्हणाल्या. "केवढं शिकायला मिळेल!"

बाजूला उभं राहायचं म्हणजे पानं उलटायची आणि स्टॉप ओढायचे. स्टॉप म्हणजे लाकडी मुठी. जी ओढाल, त्या नळ्या वाजू लागतात. हे काम बटणांनीही होतं, पण सरांना माणूस लागायचा.

"मी मान हलवली की ओढायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. समजलं, बेटा?"

तालमीत ते तीनदा मान हलवायला विसरले. तिन्ही वेळा मी ओढलं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

कार्यक्रमाला आईबाबा आले. बाबांनी आनंदनगरच्या कंपनीत शिफ्ट बदलून घेतली होती. माझं वाजवणं रद्द झालंय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला काळ्या कपड्यांत सरांशेजारी उभी बघून आईने हात केला.

शेवटचं पान आलं. इथे सगळ्या मोठ्या नळ्या एकदम सुरू व्हायच्या होत्या. मी पान उलटलं. मान हलली नाही. मी हात मागे बांधले.

सर दोन्ही हातांपायांनी जीव तोडून वाजवत होते आणि वरून बासरीएवढा आवाज येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अदबीने कागदाकडे बघत राहिले. आता मान हलवावी, हेही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. मला फार बरं वाटलं.

विंगेत ते ओरडले, "स्टॉप का नाही ओढलेस?"

"सर, तुम्ही मान नाही हलवलीत."

बाई मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या.

बदलापूरला रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "शेवटी किती हळू घेतलं त्यांनी. मस्त!" मग मी सगळंच सांगून टाकलं. आई म्हणाली, "बरी जिरवलीस मेल्याची."

बाबांनी विचारलं, "म्हणजे तो मोठा आवाज आम्ही ऐकलाच नाही?"

त्याचं तेवढं वाईट वाटतं. सरांचं अजिबात नाही.