हिरड्याची बाजू

कायद्याची भाषा शांत असावी, हे मी संगमनेरला न्यायालयाबाहेर अर्ज लिहिताना आयुष्यभर लोकांना बजावले. स्वतःला ते कधी साधले नाही. म्हातारपणी अकोले तालुक्यात, पत्नीच्या माहेरगावी राहायला आलो आणि एका हिरड्याच्या झाडापायी पुन्हा भडकलो.

झाड शेजारणीचे. बाई एकटी, हिरडे वाळवून विकते, त्यावरच तिचे वर्ष निघते. झाडाखाली गावाचा झरा आहे. पावसाळा सरल्यावर त्याचे पाणी काळवंडले आणि ग्रामपंचायतीची नोटीस आली: झाडावर विषारी औषध फवारल्याने पाणी दूषित झाले, सबब झाड तोडावे.

"भाऊ, म्या त्याला कधी पानी घातलं न्हाई, औषिद कुठनं मारू?" शेजारीण म्हणाली.

नोटिशीत ना कलम, ना पाण्याची तपासणी, ना तिचे म्हणणे. खुन्यालासुद्धा आपली बाजू मांडता येते!

तो काळेपणा मात्र माझ्या ओळखीचा होता. माझे वडील हिरडे उकळून, त्यात गंजके लोखंड टाकून शाई करीत. झऱ्यात लोखंड कोण टाकणार? उत्तर पायाखाली होते. ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची ही माती. इथला धो धो पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो, आणि मागे उरते ती तांबडी, आंबट, लोहाने भरलेली माती. त्यात हिरड्याची पाने-फळे कुजली, की त्यांचा तुरट अर्क मातीतल्या लोहाला धरतो आणि पाणी काळे होते.

मी हिरडे आणि झऱ्याकाठची माती उकळायला ठेवली.

"चहाचंच पातेलं सापडलं?" पत्नी कडाडली. "आता घोटाघोटाला अर्ज प्यायचे का आम्ही?"

सकाळी दोन बाटल्या घेऊन शेजारणीसह ग्रामसेवकांपुढे गेलो. एकीत नुसता हिरड्याचा पिवळट काढा, दुसरीत तोच काढा मातीसह उकळून गाळलेला, काळा. "यात औषध कुठे आहे, दाखवा!" मी ओरडलो.

ग्रामसेवक तरुण आणि मुळात सरळ गृहस्थ. त्यांनी काळ्या काढ्यात बोट बुडवले, रुमालाला पुसले; डाग काही जाईना. "काका, ओरडू नका. पाणी तपासायला पाठवतो. लोकांना झऱ्यातला पाचोळा काढायला सांगतो. झाड नाही तोडत."

"तोंडी हुकमावर झाड उभे राहत नाही. लेखी द्या."

"तुमच्यापुढे पेन काढायचीच भीती वाटते," ते हसले.

मी खिशातला बोरू काढून काळी बाटली पुढे सरकवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बोरू बुडवून नोटीस रद्द केल्याचे दोन ओळींत लिहिले आणि खाली सही केली.

शेजारणीला वाचता येत नाही. तिने कागद नाकाशी धरून शाईचा वास घेतला.

"माजंच झाड हाय," ती म्हणाली आणि ओल्या अक्षरांवर फुंकर घालीत घराकडे निघाली.