कपाटावरचा प्रश्न

जानराव सरांचा जळफळाट सुरू झाला तो अकोल्यात, भर रस्त्यात, भर दुपारी. साळ्याच्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला म्हणून गेलेला माणूस. स्टँडवरून पायी निघाला आणि एका कोचिंग क्लासच्या फ्लेक्ससमोर थबकला. फ्लेक्सवर उज्मा! भातकुली तालुक्यातल्या त्यांच्याच गावची, त्यांच्याच शाळेत पाचवी ते दहावी शिकलेली, गाद्या भरणाऱ्या गयासुद्दीनची पोरगी. नीटमध्ये सहाशे एकतीस मार्क. पुढच्या चौकात दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवरही तीच. तिसऱ्यानं तर कॉम्प्युटरवर तिच्या अंगात पांढरा कोटसुद्धा घातला होता. त्या तिसऱ्या क्लासात पोरगी एकदाच, फुकटचं व्याख्यान ऐकायला गेली होती, हे सरांना मागाहून कळलं. तिन्हीकडे क्लासच्या मालकाचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. गावच्या शाळेचं नाव मात्र औषधालाही नव्हतं.

साक्षगंधात सरांना घास गोड लागला नाही. घरी आले, तर टेबलावर पेढ्यांचा पुडा. गयासुद्दीन स्वतः येऊन देऊन गेला होता, दोनदा विचारून गेला होता, सर कधी येतात म्हणून. सरांनी पुडा उलटापालटा करून पाहिला. हलवाई अकोल्याचा. झालं, पेढाही अकोल्याचाच.

"पोट्टीचा नंबर लागला, आनंद माना. तुमच्या पोटात काहून दुखून रायलं?" सरांच्या बायको वच्छलाबाई म्हणाल्या.

दुखत होतं हे खरंच होतं.

आता हा माणूस काही हलक्या मनाचा नव्हे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला भलतंच समजाल. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं, एका पोराची शिकवणी घेतली नाही. खिशात कायम खडू, त्यामुळे सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे. पालक विचारायचे, पोरगं पास होईल ना? सर म्हणायचे, पास करायला पुस्तक आहे, माझं काम त्याच्या डोक्याला खाज सुटते का ते पाहण्याचं. पालक मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांना विचारायचे, हे काय बोलले गा?

आणि सरांचा शुक्रवार. शुक्रवारचा शेवटचा तास पोरांनी सरांना प्रश्न विचारायचा, पुस्तकाबाहेरचा. सरांना उत्तर आलं तर पोरगं खाली बसे. नाही आलं, तर सर छाती काढून म्हणत, "मले नाई माहीत," आणि विज्ञानाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या हिरव्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने तो प्रश्न लिहीत, खाली पोराचं नाव. झोप लागते तो क्षण आपल्याले काहून सापडत नाही? आरशातली चिमणी चिमणीले दुश्मन काहून वाटते? त्या दारावर नाव यावं म्हणून पोरं आठवडाभर शेतात, नाल्यावर, चुलीपाशी प्रश्न शोधत हिंडायची. एकदा एक साहेब तपासणीला आले नि हसले. म्हणाले, जे येत नाही ते लिहून कशाला ठेवता, जे येतं ते लिहा. सरांनी त्यांना चहा पाजला आणि दाराला हात लावला नाही. असे बाणेदार होते, पण ते तेव्हा.

उज्माचं नाव नववीत लागलं दारावर. त्या दिवशी पोरगी घरी पळत गेली होती, चप्पल शाळेतच विसरून.

तर उज्मा ज्यात दोन वर्षं शिकली, त्या अकोल्याच्या क्लासने तिचा एक व्हिडिओ काढला होता. मागे क्लासची पाटी, हातात बक्षिसाचा टॅब आणि पाठ केलेलं वाक्य, "माझ्या यशाचं संपूर्ण श्रेय सरांना जातं." सर म्हणजे तिथले, काळा चष्मावाले. जानराव सरांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याला हिशेब नाही. न्हाणीतही मोबाइल घेऊन गेले. दोन वर्षं शिकवणारा तिचा सर, आणि मी सहा वर्षं पेरलं, निंदलं, ते काय शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून? पुढच्या वर्षी रिटायर व्हायचं होतं. त्याच्या आत एकदा, फक्त एकदा, गावासमोर त्या पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं की मला शिकवलं ते जानराव सरांनी. एवढ्या एका वाक्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

म्हणून त्यांनी सत्कार ठरवला. फ्लेक्स लावायचा विचार आला, पण फ्लेक्स वाऱ्याने फाटतो. ऑइलपेंट टिकतो. सरांनी पेंटर डोमाजीला बोलावलं आणि कपाटाचं दार दाखवलं. डोमाजी त्याच शाळेत शिकलेला, डाव्या कोपऱ्यात त्याचाही प्रश्न होता. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सरांकडे. विचारलं, सर, नक्की ना? सर म्हणाले, रंगाचे दोन हात मार, खालचं काही दिसू नको देऊ. मनात त्यांच्या तेव्हा चिमणी नव्हती की झोप नव्हती. तो काळा चष्माच होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत गाव मावेना. कपाटावर चादर टाकलेली, तिची दोरी सरांच्या हातात. गयासुद्दीन पहिल्या बाकावर, नवा कुर्ता घालून, बाकात मावत नव्हता तरी बसलेला. हारतुरे झाले. उज्मा बोलायला उभी राहिली. कागद नव्हता हातात.

ती म्हणाली, अकोल्यात पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, असं काहून होते? तिथले सर रागावले नाहीत, उलट प्रेमाने म्हणाले, बेटा, एका प्रश्नाला एक मिनिट आहे, काहून विचारशील तर पुढचे तीन जातील. चारातले तीन चुकीचे पर्याय खोड आणि पुढे चल. तिने दोन वर्षं काहून बंद ठेवलं. ते बंद ठेवलं म्हणूनच नंबर लागला, खोटं कशाला बोलू, म्हणाली.

मग ती सरांकडे वळली. "तिथं मले पास केलं, सर. शिकवलं तुमीच."

लोकांनी टाळ्या पिटल्या. गयासुद्दीनने डोळे पुसले. जानराव सरांना हवं होतं ते वाक्य मिळालं, सगळ्या गावासमोर, मागितल्यापेक्षा जास्तच. अंगातली महिनाभराची आग एका क्षणात विझली. आणि त्याच क्षणी त्यांना दोरी हातात आहे हे आठवलं, कारण उज्मा पुढे बोलत होती.

"आता कॉलेज सुरू होईल. त्याच्याआंधी मले माह्या प्रश्न पायचा होता. म्हणून आली मी."

सगळे कपाटाकडे पाहू लागले. सरांचा हात हलेना. शेवटी डोमाजीनेच मान खाली घालून चादर ओढली.

पांढरंशुभ्र दार. त्यावर निळ्या अक्षरांत, कु. उज्मा गयासुद्दीन, नीट, ६३१. त्याखाली तिच्या नावापेक्षा बोटभर मोठं, घडविणारे शिक्षक, श्री. जानराव.

पुन्हा टाळ्या झाल्या. उज्माने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दाराजवळ गेली, रंगावरून तळहात फिरवला, जिथे तिचा प्रश्न होता त्या जागेवर थांबली.

"खाली आहे तो," सर पुटपुटले. "काय होता गं तुह्या प्रश्न?"

"तेच तर पायाले आली होती, सर. दोन वर्षांत विसरली मी. तुमाले आठवते का?"

सरांनी दाराकडे पाहिलं. दोन हात पक्के बसले होते, खालचं एक अक्षर दिसत नव्हतं. एकोणतीस वर्षं दर शुक्रवारी जे वाक्य छाती काढून म्हटलं, ते त्यांनी आज पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हटलं.

"मले नाई माहीत."