चिठ्ठीने आलेला शेजार

सौंसरच्या बौद्ध वस्तीतल्या प्रमिला नारनवरेला नगररचनेची नोकरी लागली, तेव्हा लेक नेमकं काय करते ते तिच्या आईला, यमुनाबाईला, धड सांगता येत नसे. "लोकायची घरं कुठी बसवाची ते ठरवते," असं ती संत्र्याच्या बागेत सोबतच्या बायांना सांगायची. तिचं काही चुकत नव्हतं.

१९८४ साली जाम नदीला पूर आला आणि पांढुर्ण्याची काठावरची घरं गेली. त्या लोकांना उंचावर भूखंड द्यायचं ठरलं. आखणी प्रमिलाकडे आली. तिने रस्ते टाकले, विहीर मधोमध धरली, शाळेला जागा सोडली. नकाशा पाहून गावातले एक वजनदार पुढारी म्हणाले, "बाकी झकास. फक्त बौद्धांची ओळ नाल्यापलीकडे टाका. सगळीकडे असंच असते."

"चिठ्ठ्या टाकू," प्रमिला म्हणाली. "ज्याला जो भूखंड निघेल तो त्याचा."

"लोक ऐकणार नाहीत."

"लोकांनाच विचारू."

म्हणाली खरी, पण धोका होता. लोकांनी नाही म्हटलं असतं तर नाल्यापलीकडची ओळ वरून मंजूर होऊन आली असती.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. एका बाजूला दादाराव आणि त्याची बौद्ध वस्तीतली माणसं, दुसऱ्या बाजूला कुणबी-तेल्यांची घरं. प्रमिलाने चिठ्ठ्यांची गोष्ट मांडली. पहिली उठली ती कुणब्यांतली अंबाबाई. कापूस वेचून पोट भरणारी विधवा, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी.

"पूर आला तवा मले छपरावरून कोनं उतरवलं? या दादारावनं. नंतर कितीतरी दिस मी त्याच्याच बायकोच्या, सुशीलाच्या, हातचं खाल्लं. तवा काही झालं नाही, तं आता शेजार काऊन नाही चालत? टाका चिठ्ठ्या."

काही जण रागाने उठून गेले. पण बरेच बसून राहिले, आणि मग हात वर होऊ लागले. दादारावला विहिरीजवळचा कोपरा निघाला, अंबाबाईला त्याच्याच बाजूचा.

घरं उभी राहत होती तोवर प्रमिला रोज सौंसरहून बसने यायची. अंबाबाईने एकदा विचारलं, "रोज कायले हेलपाटे मारून राहिली पोरी? इथंच खोली पाय ना."

"आडनाव सांगितलं का खोली मिळत नाही, मावशी."

अंबाबाई भिंत लिंपता लिंपता थांबली. मग म्हणाली, "माह्या घरामांगं एक खोली काढून राहिली. कवाड लागलं का ये."

प्रमिला तिथे राहायला गेली ती छिंदवाड्याला बदली होईपर्यंत. पुढे तिने कितीतरी वस्त्या आखल्या. कुठे तिचं चाललं, कुठे नाही. पण कोणी आभार मानू लागलं की तिला पटांगणात उठून उभी राहिलेली अंबाबाईच दिसायची.

बदलीच्या वेळी सामान न्यायला यमुनाबाई आली. अंबाबाईचे हात धरून म्हणाली, "माह्या लेकीले तुमी घर देलं."

"तिनंच आमाले देलं न, बाई. बसा."

शेजारून सुशीला चहा घेऊन आली. तिघी ओट्यावर बसल्या. बोलणं वेचणीवर गेलं, यंदा बोंडं कशी फुटली त्यावर गेलं. प्रमिला एकटीच सामान बांधत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.